अनुक्रमांक एकशे अठरा

यादीत चारशे अठरा बाया.
मी अंगणवाडीची मदतनीस. खिचडीचं पातेलं घासून झालं
की दारोदार चिठ्ठ्या वाटायचं काम माझ्याकडे.
"नाव सांग वं बाई."
"गजाननची माय."
"ते नाही, तुयं."
मग ती चुलीकडे बघायची,
जसं काही नाव तिथंच कुठं
राखेखाली झाकून ठेवलंय.

मतदान दारूच्या दुकानाचं. चिन्हं दोनच :
बाटली उभी, बाटली आडवी.
दुर्पता कोडापे म्हणाली, "पन्नास वर्सं मत देतो मी,
दरखेपी चिन्ह घरूनच सांगून धाडत.
यंदा कोणी सांगाले तयार नाही.
मायाच हाती आलं सारं, तं हात कापते ना वं."

त्या दिवशी दुकानदाराच्या साडूनं
वेचणीचा दर किलोमागं तीन रुपये वाढवला.
पलीकडच्या शिवारात. टेम्पो फुकट.
चौदा जणी गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही,
पोराची फी बाटली आडवी पडून भरली जात नाही.
बाकीच्या आल्या, शाळेच्या व्हरांड्यात,
लुगड्याला पऱ्हाटीचा काडीकचरा तसाच.
सिंधू पेंदोर ओली बाळंतीण, कानाला बांधून आली.
मैनाच्या ओठावर टाका होता.
कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मोजणी.
आडवी दोनशे सात. उभी अकरा.
टाळ्यांसाठी हात उचलले तेवढ्यात
साहेब म्हणाले, थांबा.
यादीतल्या अर्ध्याहून जास्त लागतात.
दोनशे दहा पाहिजेत.
जी आली नाही, ती दुकानाच्याच कामी आली.
तीन कमी.
बाहेर फटाके लागले. फळी रात्रीच उघडली.

यादी मी घरी आणली.
बल्बखाली पेनाच्या टोपणानं
एकेक ओळ खाली उतरत गेले.
नऊ जणी मेलेल्या.
नऊ जणी मतदानाला गैरहजर.
त्यात अनुक्रमांक एकशे अठरा,
पंचफुला मेश्राम. पती : तोच.
विहिरीतून काढली तेव्हा एकतीसची होती.
यादीत तिचं वय वाढत राहिलं,
आता सदतीस लिहिलंय.
फोटोत टिकली जरा कललेली.
बाटलीपायी गेलेली बाई
सरकारी हिशोबात
बाटलीच्या बाजूची.

चारशे नऊ धरले असते तर दोनशे पाच पुरत होते.
हे गणित मी तीनदा केलं,
बालवाडीतल्या पोरांसारखं, बोटांवर.

पुन्हा मागणी करायची तर वर्षभर थांबा म्हणाले.
थांबू.
मधे तहसिलीतून नऊ नमुने आणलेत, नाव वगळण्याचे.
आठ भरून झाले.
नवव्याशी पेन अडतं.
घरात जिला 'ए' म्हणूनच हाक होती,
तिचं एवढं एकच छापील नाव उरलंय गावात,
आणि ते मी खोडायचं,
माझ्या हातानं,
तिनं आमच्या बाजूला यावं म्हणून.

खिडकीतला बाबू म्हणाला, मयताशी नातं लिहा.
बहीण नव्हते. जात वेगळी, वस्ती वेगळी.
सात हंगाम एका वावरात वेचलं आम्ही.
तिचा हात चालायचा भरभर.
मागं वळून माझ्या तासातली चार बोंडं वेचायची
आणि माझ्याच ओटीत टाकायची,
मुकाट.

मी लिहिलं : शेजारचं तास.
बाबू म्हणाला, असं नातं नसते बाई.
म्हटलं, लिहून घ्या.